'आय सर्च्ड यू' : शोधणे, हुडकणे, सापडणे आणि इंग्रजीतली भाऊबंदकी

कच्चा_चिवडा

आज ऑफिसात माझा पोपट झाला, तो आधी सांगते.

अमेरिकेतली मॅनेजर बाई दोन आठवड्यांसाठी पुण्याला आलीय. दुपारी एका मंजुरीसाठी ती हवी होती. कँटीन, तिसरा मजला, गच्ची, सगळीकडे फिरून आले, बाईचा पत्ता नाही. शेवटी चॅटवर लिहिलं, 'आय सर्च्ड यू एव्हरीव्हेअर.' पाच मिनिटांनी तिचं उत्तर : माझ्या खिशात काही सापडलं का?

मला काही कळेना. शेजारच्या खुर्चीतला पोरगा मात्र टेबलावर डोकं ठेवून हसत होता. 'सर्च'च्या पुढे 'फॉर' नसलं तर मी बाईची झडती घेतली असा अर्थ होतो म्हणे! आणि 'एव्हरीव्हेअर'मुळे तर... जाऊ दे.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे इंजिनिअरिंग, मग अकरा वर्षं नोकरी, आणि हे मला आज कळतंय. संध्याकाळी बसून यादी केली : सर्च, सीक, लुक फॉर, फाइंड, फाइंड आउट, डिस्कव्हर, एक्सप्लोर, डिटेक्ट, इन्व्हेंट. आपल्याकडे या सगळ्यांना एकच 'शोध'. यांच्यातला फरक कोणी नीट सांगेल का? आणि एक आगाऊ प्रश्न : या बाबतीत मराठी गरीब आहे का?

तिरकस

जागा धरायला रुमाल टाकून ठेवतो. खिशात काय सापडलं ते मात्र सांगितलं नाहीत.

शेवंती_७१

चिवडाताई, एकट्या तुमचीच गत नाही. तीस वर्षं सातारा जिल्ह्यात इंग्रजी शिकवलं. 'आय ॲम सर्चिंग माय पेन' हे वाक्य लाल शाईने किती वेळा खोडलं याची गणती नाही. आणि खोडताना कारण कधी सांगितलं नाही, कारण मलाही ते नीट सांगता येत नव्हतं. निवृत्त झाल्यावर नातवाला शिकवताना डोक्यात प्रकाश पडला.

क्रियापदापुढे काय येतं ते बघा. मराठीत 'शोधणे'च्या पुढे हरवलेली वस्तू येते : पेन शोधतो, भाऊ शोधतो, नोकरी शोधतो. इंग्रजीत 'सर्च'च्या लगेच पुढे येते ती जागा, जिच्यात हात घालायचा. कपाट सर्च केलं, बॅग सर्च केली, खोली सर्च केली. वस्तू हवी असेल तर तिच्याआधी 'फॉर' पाहिजे. म्हणून 'सर्च द बॅग फॉर द पेन'. माणूस 'फॉर'शिवाय आला की तो माणूस न राहता कपाट होतो. तुमच्या बाईचं तेच झालं.

रोजच्या बोलण्यात इंग्रज पेनासाठी 'सर्च' काढतही नाही, 'लुक फॉर' म्हणतो. 'सर्च' म्हटलं की त्यात पद्धतशीरपणा आला, थोडा सरकारीपणाही आला. 'सीक' त्याहून वेगळं. पेन कोणी सीक करत नाही. परवानगी, न्याय, आश्रय, सल्ला, कीर्ती अशा हातात न धरता येणाऱ्या गोष्टींसाठी ते आहे. त्याचं मराठी पुष्कळदा 'शोधणे' नसतंच, 'मागणे' असतं. 'सीक परमिशन' म्हणजे परवानगी मागणे. याला अपवाद लहान मुलांचा : लपाछपीला मात्र 'हाइड अँड सीक'.

निवृत्त_फौजदार

शेवंतीबाईंनी सांगितलेला फरक आमच्या खात्यात मराठीतच आहे. त्यासाठी इंग्रजीकडे जायला नको.

पंचनाम्याची भाषा आठवा. जागेची ती घरझडती, माणसाची ती अंगझडती. माणूस हवा असेल तर शोध, गुन्ह्याचा तपास, अर्जाची चौकशी. एकाच्या जागी दुसरा शब्द लिहिला तर साहेब कागद तोंडावर फेकायचे. चिवडाताईंनी बाईंचा शोध घेतला आणि कळवलं अंगझडती घेतली म्हणून. त्यातल्या त्यात बरं, बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची असते, तेवढा कायदा पाळला गेला.

आता 'फाइंड'. पंचनाम्यात 'आम्हाला चाकू सापडला' असं कोणी लिहीत नाही. 'चाकू मिळून आला' लिहितात. 'सदर इसम राहते घरी मिळून आला नाही.' नवीन पोरं या भाषेला हसतात. पण त्यात एक मख्खी आहे : आम्ही काही केलं असं त्यात येत नाही. वस्तू होती, ती मिळून आली. आम्ही ठेवली नाही.

आणि 'डिटेक्ट'ला आम्ही म्हणतो 'गुन्हा उघडकीस आणला'.

पंचगंगा

आमच्या कोल्हापुरात शोधत बिधत कोण नाय. आमी हुडकतो. 'अरं जरा हुडीक की कपाटात!' शोध ह्यो वर्तमानपत्रात लागतो, घरात हुडकल्यावर घावतं.

आणि घावणं म्हंजे नुस्तं सापडणं न्हवं. चोर घावतो, मासा घावतो, पैरा करायला माणूस घावत न्हाई. 'बरा घावलास' म्हटल्यावर इंग्रजीत काय म्हननार? फाउंड? त्यात ती मजा न्हाई.

शब्दवेल्हाळ

पंचगंगा, 'हुडकणे' कानडी 'हुडुकु'शी जोडलेलं आहे. सीमेपलीकडे हल्याळपासून म्हैसूरपर्यंत हाच शब्द. तेव्हा तुम्ही घरात कानडी हुडकता आणि वर्तमानपत्रात संस्कृत शोधता.

आता मूळ प्रश्न. हे इंग्रजी शब्द आतून कसे बांधलेत ते पाहिलं तर पाठांतर करावं लागत नाही.

'सर्च' जुन्या फ्रेंचमधून आला, त्यामागे लॅटिन 'सिर्कारे', म्हणजे गोल फिरणे. सर्कस आणि सर्कल त्याच घरातले. जागेला फेरी मारणं हा मूळ अर्थ, म्हणून त्याच्यापुढे जागा येते. शेवंतीबाईंच्या नियमाचं हे मूळ.

'सीक' अस्सल इंग्रजी मातीतला, जर्मन 'झुखेन'चा भाऊ. त्याची एक बहीण खास फौजदारकाकांसाठी : 'रॅनसॅक'. उत्तरेकडच्या नॉर्स भाषेत 'रान' म्हणजे घर आणि 'साका' म्हणजे धुंडाळणे. चोरीचा माल शोधायला घरात शिरणं. म्हणजे शब्दशः घरझडती! इंग्रजीत आल्यावर पुढे त्याचा अर्थ लुटालूट झाला. झडती घेणाऱ्यांबद्दल लोकांचं काय मत होतं ते यावरून कळतं.

'डिस्कव्हर' तर समोरच आहे : कव्हर काढणे. आणि 'डिटेक्ट'ही तेच, फक्त लॅटिन कपड्यात. 'तेगेरे' म्हणजे झाकणे, 'दे' लावलं की झाकण काढणे. फौजदारकाकांचं 'उघडकीस आणणे' हे त्याचं इतकं तंतोतंत मराठी आहे की लॅटिनचे पंडितही चाट पडतील.

याच्यापुढची गंमत अशी. या 'तेगेरे'चा संस्कृत चुलतभाऊ म्हणजे 'स्थग्', झाकणे, दडवणे. 'स्थगित' त्यातूनच. आणि त्याच 'स्थग'पासून आपला 'ठग' आला असं कोशकार मानतात. ठग म्हणजे झाकणारा, डिटेक्टिव्ह म्हणजे उघडणारा. चोर आणि पोलीस एकाच आडनावाचे निघाले.

तिरकस

ठकास महाठक. फौजदारकाका, रागावू नका.

निवृत्त_फौजदार

रागावत नाही. पस्तीस वर्षं हेच ऐकलंय, फक्त लॅटिनमधून आज पहिल्यांदा.

बर्फाळ

कॅनडातून लिहितेय, इथे मध्यरात्र आहे. पण विषय जिव्हाळ्याचा म्हणून राहवलं नाही.

माझा मुलगा सात वर्षांचा. घरात मराठी बोलतो. हातमोजा सापडला की ओरडतो, 'आई, मी शोधला!' आणि मी दरवेळी म्हणते, अरे, शोधत होतास ते बघितलं, पण सापडला का? तो हात वर करून दाखवतो : हा काय, शोधला ना! त्याच्या डोक्यात 'आय फाउंड इट' आहे. त्याला 'मी'ने सुरू होणारं क्रियापद हवंय आणि मराठी ते देत नाही. मराठीत 'मला सापडला'. शोधण्यापर्यंत सगळं माझं. सापडायचं की नाही ते हातमोज्याच्या मर्जीवर.

हे मला कधी जाणवलंच नव्हतं. सापडणे, गवसणे, मिळणे, आढळणे, दिसणे, लागणे, सगळीकडे 'मला'. इंग्रजीत फाइंड करणारा कर्ता असतो, आपल्याकडे तो बिचारा हात पुढे करून उभा असतो. फौजदारकाकांचं 'मिळून आला' त्याच जातीचं.

तरी 'फाइंड'ची सगळी रूपं 'सापडणे'त मावत नाहीत. 'आय फाउंड द मूव्ही बोरिंग' याला आपण 'पिक्चर बोअर निघाला' म्हणतो. डॉक्टरांच्या रिपोर्टात 'आढळून आले'. 'फाइंड आउट'ला 'माहिती काढ'. तिथे मात्र आपण कर्ते होतो बघा! माहिती काढायची म्हटलं की मराठी माणूस हात पुढे करून उभा राहत नाही.

शब्दवेल्हाळ

बर्फाळ, क्या बात! दोन पुरवण्या जोडतो.

एक, 'फाइंड'चं मूळ बहुतेक कोशांत 'चालणे, वाट तुडवणे' या धातूकडे नेतात, ज्यातून आपला 'पंथ' आला. चालता चालता समोर येतं ते फाइंड. म्हणजे मुळात तेही फारसं कर्तेपणाचं नव्हतं.

दोन, 'गवसणे'. हे संस्कृत 'गवेषण'पासून आलं. गो अधिक एष्, म्हणजे गाईचा शोध. रानात चुकलेली गाय हुडकणे हा आपल्या पूर्वजांचा पहिला रिसर्च प्रोजेक्ट. संस्कृतात गवेषण म्हणजे शोधणं, मराठीत येईपर्यंत गवसणं म्हणजे सापडणं झालं. वाटेत कुठेतरी गाय मिळाली असावी.

तिरकस

आकाशाला गवसणी घालणारे पण गाईच शोधत होते का?

शब्दवेल्हाळ

नाही. ती गवसणी वेगळी. तंबोऱ्यावर चढवतात ती खोळ. आकाशाला गवसणी म्हणजे आकाश मावेल एवढी खोळ शिवणं. बाकी तंबोऱ्याची गवसणी काढणं हे 'डिस्कव्हर'चं शब्दशः भाषांतर होईल खरं!

शेवंती_७१

हे विनोदाने लिहिलंत, पण 'डिस्कव्हर'चा जुना अर्थ अगदी असाच होता. शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मध्ये शेवटच्या अंकात रंगसूचना आहे, प्रॉस्पेरो फर्डिनंड आणि मिरांडाला बुद्धिबळ खेळताना 'डिस्कव्हर्स'. बी.ए.ला असताना मला वाटायचं, स्वतःच्या गुहेत बसलेली स्वतःची मुलगी याने काय शोधून काढली? नंतर कळलं, तो पडदा बाजूला करून ती दोघं इतरांना दाखवतो. त्याला ठाऊकच होतं. बाकीच्यांना नव्हतं.

बुद्धिबळातच 'डिस्कव्हर्ड चेक' असतो. मधलं मोहरं हललं की मागच्या हत्तीचा शह उघडा पडतो. हत्ती जागचा हललेला नसतो.

दावा_क्रमांक_१

पेटंटचं काम करतो, त्यामुळे 'डिस्कव्हर' आणि 'इन्व्हेंट' यांच्या मधल्या भिंतीवरच माझं पोट आहे. मराठीत ती भिंत नाही. न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला, एडिसनने फोनोग्राफचा शोध लावला, कोलंबसने अमेरिकेचा शोध लावला. पहिलं आधीपासून होतं, दुसरं नव्हतं, तिसऱ्यात तर माणसं राहत होती. क्रियापद तिन्हीकडे एकच.

कायद्यात हे चालत नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(सी) सांगतं की एखाद्या वैज्ञानिक तत्त्वाची किंवा निसर्गात असलेल्या पदार्थाची नुसती डिस्कव्हरी म्हणजे इन्व्हेन्शन नव्हे. त्यावर पेटंट नाही. माझ्याकडे येणाऱ्या मराठी अशिलांपैकी बरेच म्हणतात, 'साहेब, मी शोध लावलाय.' माझा पहिला प्रश्न ठरलेला : ती वस्तू तुमच्याआधी जगात होती का?

हळदीचं प्रकरण याच जवळपासचं. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने, तेव्हा डॉ. माशेलकर महासंचालक होते, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. मुद्दा हळद कोणाची हा नव्हता. मुद्दा एवढाच की हे आधीच माहीत होतं आणि तसे लेखी पुरावे होते. बोट कापल्यावर आजी हळद चेपायची ते पुरेसं नव्हतं, ते कुठेतरी छापलेलं दाखवावं लागलं.

दिवाणी दाव्यात 'डिस्कव्हरी' म्हणजे तिसरंच. समोरच्याने दडवलेले कागद त्याला उघड करायला लावणं. शेवंतीबाईंच्या प्रॉस्पेरोशी ते जास्त जुळतं.

कच्चा_चिवडा

हिंदीत हे वेगळं ठेवतात ना? खोज आणि आविष्कार. मग आपण 'आविष्कार' का घेत नाही?

शब्दवेल्हाळ

कारण आपल्याकडे आविष्कार गायक-नर्तकांच्या ताब्यात आहे. कलाविष्कार, स्वराविष्कार. आणि खरं तर तेच मुळाला धरून आहे : 'आविस्' म्हणजे उघड, आविष्कार म्हणजे उघड करणं. हिंदीने नेमका डिस्कव्हरीचा शब्द इन्व्हेन्शनला लावलाय!

उलट बाजूने 'संशोधन' घ्या. शुध् म्हणजे शुद्ध करणं. हिंदीवाल्यांनी तो अर्थ राखला, म्हणून त्यांचं 'संविधान संशोधन' म्हणजे घटनादुरुस्ती. मराठीत संशोधन म्हणजे रिसर्च. दिल्लीची बातमी वाचून माझ्या एका मावसभावाला वाटलं होतं की संसदेत राज्यघटनेवर पीएच.डी. चाललीय.

तरी मला मराठी वापर आवडतो. कागद गोळा करणं निम्मं काम, त्यातलं खोटं-नाटं गाळणं उरलेलं. पुण्यात १९१० साली राजवाडे प्रभृतींनी मंडळ काढलं त्याचं नाव भारत इतिहास संशोधक मंडळ. दप्तरं धुंडाळणारे म्हणून शोधक, आणि अस्सल-बनावट निवडणारे म्हणून संशोधक. 'रिसर्च'मध्ये ही छटा नाही. तिथला 'रि' पुन्हापुन्हा फिरण्याचा, कसून फिरण्याचा.

मांडवीकाठ

'इन्व्हेंट'बद्दल गोव्यातून एक गोष्ट. ३ मेच्या आसपास आमच्याकडे ठिकठिकाणी खुर्साचं, म्हणजे क्रुसाचं, फेस्त असतं. या सणाचं जुनं इंग्रजी नाव 'इन्व्हेन्शन ऑफ द क्रॉस'. लहानपणी मला ते ऐकून धक्का बसला होता, कारण अर्थ झाला क्रूस कोणीतरी बनवला. प्रत्यक्षात सण आहे सेंट हेलेनाला क्रूस सापडला त्याचा. लॅटिनमध्ये 'इन्वेनिरे' म्हणजे एखाद्या गोष्टीपाशी येऊन पोचणं, सापडणं. दुकानातली 'इन्व्हेंटरी' त्यातूनच : मोजायला बसल्यावर जे जे मिळालं त्याची यादी. म्हणजे एके काळी इंग्रजीतही ही भिंत नव्हती. मराठी 'शोध लावणे'ला नावं ठेवू नका.

कोंकणीत आम्ही 'सोदप' म्हणतो, तुमचं शोधणंच. आणि सापडलं की 'मेळ्ळें'. मराठी बायबलातही जोडी छान लावलीय : 'शोधा म्हणजे तुम्हांला सापडेल.' सीकला शोधा, फाइंडला सापडेल, आणि 'तुम्हांला' आहेच.

खापरी

उशिरा आलो. पुरातत्त्वात रखडलेला विद्यार्थी आहे, त्यामुळे 'एक्सप्लोर'वर माझा हक्क.

लोक 'एक्सप्लोर' म्हणजे भटकंती समजतात. इन्स्टावर तर घाटात वडापाव खाणं हेही एक्सप्लोरिंग. आमच्यात एक्सप्लोरेशन म्हणजे उन्हात शिवारं पालथी घालून जमिनीवरच्या खापऱ्या वेचणं, आणि खणायला बसलो की ते एक्सकॅव्हेशन, उत्खनन. एक्सप्लोर करताना काय मिळणार ते ठाऊक नसतं. सर्च करताना ठाऊक असतं, फक्त जागा माहीत नसते. माझ्या मते हा सगळ्यात उपयोगाचा फरक, आणि कोणत्याच शाळेत तो सांगत नाहीत.

दायमाबादचं उदाहरण घ्या. प्रवरेकाठची ही जागा १९५८ मध्ये बोपर्डीकरांनी पाहणी करताना हेरली. ती डिस्कव्हरी. १९७४ मध्ये तिथल्याच एका गावकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या : बैलजोडीचा रथ, म्हैस, हत्ती आणि गेंडा. तो फाइंड. त्याने रथ शोधला नव्हता, त्याला जळणाचं पडलं होतं. पुस्तकांत या दोन घटनांना वेगळे शब्द लावतात, आणि मराठी बातमीत दोन्हीला 'शोध'.

अजिंठा मात्र माझ्या घशात अडकतो. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा ब्रिटिश अधिकारी वाघाच्या मागे वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि त्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली. आत जाऊन त्याने खांबावर आपलं नाव कोरलं, ते अजून आहे. सगळीकडे लिहितात, स्मिथने अजिंठा डिस्कव्हर केला. पण लेणी ज्या गावाच्या हद्दीत आहेत त्याचं नावच लेणापूर!

तिरकस

खापरी, ही नेहमीची टेप. गावकऱ्यांना गुहा माहीत होत्या, मान्य. पण ते काय आहे हे त्यांना माहीत होतं का? माहीत असणं आणि ओळखणं यात फरक असतो की नाही?

प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १ ऑगस्ट १७७४ ला भिंगाने पारा-भस्म तापवून एक वायू काढला. मेणबत्ती त्यात झगझगून जळली. पण तो काय आहे ते त्याने शेवटपर्यंत चुकीचं सांगितलं. शील नावाच्या दुसऱ्या रसायनतज्ज्ञाने तो आधीच काढला होता, छापायला उशीर झाला. ऑक्सिजन हे नाव आणि अर्थ दिला लाव्हाझिएने. डिस्कव्हर कोणी केला? युरेनस फ्लॅमस्टीडने १६९० मध्ये पाहिला आणि तारा म्हणून नोंदवला. हर्शलने १३ मार्च १७८१ ला पाहिला, धूमकेतू समजला, तरी मान त्याला, कारण त्याच्यामुळे तो ग्रह आहे हे ठरलं. दिसणं म्हणजे डिस्कव्हरी नव्हे.

खापरी

अहो, मग तुमच्याच हिशेबाने स्मिथही बाद! त्याला तरी ती बौद्ध लेणी कोणत्या शतकातली ते कुठे कळलं होतं? त्याने काय केलं, तर नाव कोरलं आणि बातमी नेली. शेवंतीबाईंचा प्रॉस्पेरो इथे बसतो. पडदा बाजूला करून ज्यांना माहीत नव्हतं त्यांना दाखवलं. 'डिस्कव्हर'च्या पुढे 'कोणासाठी' हा प्रश्न गुपचूप दडलेला असतो. इंग्रजी तो विचारू देत नाही.

मराठीत निदान 'युरोपला अजिंठ्याचा शोध लागला' असं म्हणता येतं. वाक्यात कोणाला लागला ते येतं आणि लेणापूरवाल्यांचा अपमानही होत नाही.

तिरकस

...हे बरं आहे. मागे घेतो. अर्धं.

शेवंती_७१

खापरी, तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी दोन दिवस विचार करतेय. चिवडाताईंनी विचारलं होतं मराठी गरीब आहे का. आपण 'शोध' हा एकच शब्द मोजला, पण त्याच्यामागची क्रियापदं मोजलीच नाहीत.

शोध घेतला, म्हणजे सर्च. शोध लागला, म्हणजे फाइंड. शोध लावला, म्हणजे डिस्कव्हर किंवा इन्व्हेंट. शोधून काढलं, म्हणजे चिकाटीने मिळवलं. शोध चालू आहे, म्हणजे काही हाती लागलेलं नाही. इंग्रजी दरवेळी नवा शब्द आणते, आपण मागचं चाक बदलतो. वर्गात मी मुलांना नुसत्या शब्दांच्या जोड्या लावायला दिल्या, 'सर्च बरोबर शोध', 'डिस्कव्हर बरोबर शोध'. चूक मुलांची नव्हती.

आणि क्रियापदंच हवी असतील तर ढिगाने आहेत. कपाट उचकायचं, अंधारात चाचपायचं, माळा धुंडाळायचा, गाव पिंजून काढायचं, चोराचा माग काढायचा, प्रकरणाचा छडा लावायचा, कुणकुण लागली की सुगावा. इंग्रज शोधताना कंगवा फिरवतो, तिथे आपण कापूस पिंजतो.

निवृत्त_फौजदार

'माग'वरून आठवलं, 'इन्व्हेस्टिगेट'मध्येही पावलाचा ठसा आहे असं ट्रेनिंगला एका सरांनी सांगितलं होतं. खरं का?

शब्दवेल्हाळ

खरं. लॅटिन 'वेस्टिजियम' म्हणजे पाऊलखूण. माग काढणे. 'स्लूथ', म्हणजे गुप्तहेर, हाही त्याच कल्पनेचा, पण नॉर्स शब्द, मूळ अर्थ माग.

पण तुमच्या खात्याचा सगळ्यात सुंदर शब्द वेगळाच आहे. 'पोलिसांना महत्त्वाचे धागेदोरे मिळाले.' इंग्रजी 'क्ल्यू' म्हणजे मुळात सुताचा गुंडा. ग्रीक कथेतला थिसियस क्रीटच्या चक्रव्यूहात शिरताना दोऱ्याचं एक टोक दाराशी बांधून जातो आणि राक्षसाला मारून त्याच दोऱ्याने परत येतो. दोरा म्हणजे बाहेर पडायची खूण, मग कुठलीही खूण. मराठीने ती कथा न ऐकता तेच रूपक काढलं.

पंचगंगा

आन् आमी हितं धाग्यावर बसून धागेदोरे हुडकतोय.

मांडवीकाठ

अवांतर : 'सेरेंडिपिटी' राहिलीच. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून बनवलेला शब्द, सेरेंडिप म्हणजे श्रीलंका, म्हणजे आपलं सिंहलद्वीप. शोधत एक होतो, मिळालं भलतंच आणि चांगलं. मराठीत काय?

शब्दवेल्हाळ

घुणाक्षरन्याय. लाकडात किडा पोखरत जातो आणि चुकून अक्षर उमटतं. पण किड्याला वाचता येत नाही, इथेच तो कमी पडतो. वॉलपोलच्या राजपुत्रांना हाती आलेल्याची किंमत कळत होती.

कच्चा_चिवडा

मंडळी, एवढं वाचून आज मॅनेजर बाईंना धाग्याचा सारांश सांगितला. ठग आणि डिटेक्टिव्ह एका कुळातले हे ऐकून त्या पाच मिनिटं हसत होत्या. 'ठग' हिंदुस्थानातून इंग्रजीत गेला हे त्यांना माहीत नव्हतं. मंजुरी अजून मिळालेली नाही. ती सीक करणं चालू आहे.

बर्फाळ

आजचा ताजा किस्सा. सकाळी माझा चष्मा मिळेना. ओट्यावर, सोफ्याच्या फटीत, गाडीत, सगळीकडे बघून झालं. मुलगा आला, काही न बोलता माझ्या झग्याच्या दोन्ही खिशांत हात घातले आणि चष्मा बाहेर काढला.

'आय सर्च्ड यू, आई.'

मी 'फॉर' लावायला तोंड उघडलं आणि मिटलं.

शेवंती_७१

पैकीच्या पैकी!